माझं लग्न माशांनी मोडलं

अप्पा गेल्याचा फोन शिवामामानं केला. मी टेंभुर्णीत, सासरी, भाकरी तव्यावर होती. "गिरिजा, अप्पा..." एवढंच म्हणाला. भाकरी करपली तरी मी उतरवली नाही. ज्या माणसाला अप्पांनी जावई करून घ्यायला भर बैठकीत नकार दिला होता, त्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं आणि मातीची सगळी तयारीही त्यानंच केली. आता महिना उलटून गेलाय, मी अजून माहेरीच आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण डोळे पुसून झाले की तीच गोष्ट काढतो, अप्पांनी माशांपायी पोरीचं लग्न कसं मोडलं. तर ती मीच सांगते, म्हणजे निदान तिला आणखी तिखटमीठ लागणार नाही.

सोलापुरात अप्पांचं किराणा दुकान होतं आणि माडीवरच्या खोलीत फायटर मासे. लांब झुलत्या परांचा हा मासा दिसायला नवरीसारखा आणि स्वभावानं महाभांडखोर. दोन नर समोरासमोर आले की संपलंच. म्हणून दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या बरण्यांत एकेक मासा, आणि दोन बरण्यांच्या मधे पुठ्ठा, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. लिंगायताच्या घरात मासे म्हटल्यावर शेजारणींनी सुरुवातीला आमच्या स्वयंपाकघरात डोकावून घेतलं. अव्वाचा, म्हणजे आईचा, राग वेगळाच. नळाला पाणी येणार चार दिवसाआड, आणि त्यातल्या दोन घागरी माडीवर जाणार. "माणसं तहानली तरी चालतील, ह्यांची लेकरं ऱ्हायली पायजेत," असं ती जिन्याकडं बघून मोठ्यानं म्हणायची. अप्पा वरून म्हणायचे, "व्हय की, बरोबर हाय तुझं." आणि तिसरी घागर न्यायचे.

अप्पांना एकच नाद लागला होता. पिकल्या जांभळाचा रंग आणि परांना पांढरी किनार, असा मासा त्यांच्या हाती एकदा लागला आणि तोच रंग टिकवायचा म्हणून ते भावाला बहिणीशी, बापाला लेकीशी जुळवत गेले. बाहेरचा मासा त्या खोलीत यायचा नाही, रंग बाटेल म्हणून. रंग खरोखर असा उतरला की पुण्याचे शौकीनसुद्धा बघायला यायचे. पण हळूहळू अंडी कमी फुटायला लागली. पिल्लं बरणीच्या तळाशी बसून राहायची. काहींची पाठ वाकडी, काहींना आपलेच पर ओढवेनात. अप्पा पाणी बदलून बघायचे, पाण्यात बदामाचं वाळकं पान टाकून बघायचे. मग एक दिवस बरण्यांसमोर स्टुलावर बसून मला म्हणाले, "पाण्यात काय न्हाय गं. माझ्याच हातात हाय." तेव्हा मला काही कळलं नाही.

त्याच वर्षी वळसंगहून आज्जी नारळ घेऊन आली. आमच्याकडं मुलीवर पहिला हक्क मामाचा. अप्पांनी स्वतः आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या मुलीशी, म्हणजे अव्वाशी, लग्न केलेलं. म्हणजे माझी आज्जी ही अप्पांची अक्काच. आता तिला तिच्या धाकट्या लेकासाठी, शिवामामासाठी मी हवी होते. मामानं मला सायकल शिकवलेली, माणूस सोन्यासारखा. मी हो म्हणायच्या तयारीत नव्हते आणि नाही म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. बैठक बसली, शेंगापोळ्या वाढल्या. अप्पा उठले, माडीवर गेले आणि एक बरणी आणून ताटांच्या मधोमध ठेवली. आत जांभळा मासा, पाठ कोयत्यासारखी वाकलेली.

"अक्का, रंग बघ किती सुरेख हाय. ह्याचे आईबाप एका आईची लेकरं. त्येंचे आईबाप बी तसेच. आता पाठ बघ."

आज्जी बरणीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मल्लू, माझ्या पोराला मासा म्हणतोस?"

"न्हाय अक्का. पण पोरगी मी बाहेर देणार."

आज्जी पोळी तशीच टाकून उठली. पुढं कितीतरी दिवस ती अप्पांशी एक शब्दही बोलली नाही. पेठेत अप्पा दिसले की लोक विचारायचे, "काय सावकार, माशांची पत्रिका जुळली का?" कॉलेजात मैत्रिणींनी मला जलपरी करून टाकलं. अप्पा हसायचे. बाजारातून एक साधी, मळकट हिरवी मादी आणून त्यांनी आपल्या जांभळ्या नराला जुळवली. पिल्लं सगळी मळकट निघाली, पण काय पोहायची! रंग पुन्हा धरायला त्यांचं पुढचं आयुष्य गेलं आणि ते त्यांनी मजेत घालवलं.

परवा एक गृहस्थ जोडी मागायला आले. मी माडीवर एक नर काढला, शेजारची मादी काढायला लागले. इतक्यात अव्वा दारात येऊन म्हणाली, "ती दोघं नको देऊ. एका आईची हायत ती." मला हसू आलं. तुला कधीपासून माशांतलं कळायला लागलं, म्हणून विचारलं.

ती स्टुलावर बसली. "मला माशातलं काय कळतंय... बसूच्या येळी डॉक्टरनी विचारलं व्हतं, नात्यातलं लगीन हाय का म्हणून. ह्यांनी मला बाहेर बसवलं. मी दाराआडनं ऐकलं."

बसू माझा थोरला भाऊ. चालायला लागायच्या आत गेला. कशानं, ते कुणाला ठामपणे सांगता आलं नाही, आणि घरात त्याचं नाव निघत नसे.

"त्या दिवशी बैठकीत त्येंनी बसूचं नाव घेतलं असतं, तर मी कुटं तोंड लपवलं असतं गं? म्हणून मासा आणून ठेवला. समदं गाव हसलं, हसू दिलं त्येंनी."

मी नर परत बरणीत सोडला. अव्वानं मधला सरकलेला पुठ्ठा नीट बसवला आणि पदरानं बरणी पुसत राहिली. ती गोष्ट आजवर मी किती जणांना हसत हसत सांगितली असेल... अव्वा प्रत्येक वेळी उठून आत जायची. नळाला पाणी आलं का बघायला जाते, असं मला वाटायचं.