जी कंपनी काहीच बनवत नाही, तिने ताईचा ब्रेक बंद पाडला

मंडळी, आज डोकं फार तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझी ताई गोविंदपुऱ्यात तिच्या छोट्या कारखान्यात व्हीलचेअरचे ब्रेक बनवते. आम्ही बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला, आणि त्यांच्यासाठी तिने एका हाताने लावता येणारा ब्रेक तयार केला.

आता एका कंपनीने नोटीस पाठवली की या ब्रेकचं पेटंट त्यांचं आहे. ते पेटंट बाबांच्या ब्रेकनंतर कितीतरी वर्षांनी घेतलेलं. आज तडजोडीच्या बैठकीला मीही गेले.

ताईने त्यांच्या माणसाला विचारलं, "आपका ब्रेक दिखाइए."

"हम बनाते नहीं, मैडम. हमारे पास सिर्फ पेटेंट है."

आमच्या वकिलांनी तिला बाजूला नेलं. "केस आप जीत जाएँगी, दीदी. पर सालों लगेंगे. तब तक कारखाना चला पाएँगी?"

ताईने नकारार्थी मान हलवली. मग हा ब्रेक यापुढे बनवणार नाही, अशा करारावर तिने सही केली.

पेटंट नकोच, असं मी म्हणत नाही. पण खोटा दावा करणारा हरला, तर समोरच्याचा सगळा खर्च त्यानेच भरावा, एवढा कडक कायदा का नाही?

बाग सेवनियातल्या एका आजोबांनी हाच ब्रेक बनवायला सांगून ठेवलाय. ताई म्हणते, त्यांना फोन तू कर. काय सांगू त्यांना?