शेवटच्या भागापर्यंत

जपानमधल्या उरायासु शहरातल्या आमच्या इमारतीत एक साठीचे अमेरिकन गृहस्थ राहतात. जपानी मालिकांत परदेशी माणसाच्या छोट्या भूमिका करतात. कधी पाद्री, कधी लबाड व्यापारी, आणि बहुतेकदा पहिल्या जाहिरातीच्या आत मरतात. सकाळी खाली कचरा टाकताना भेटले की मी विचारतो, "या आठवड्यात कसे मरणार?"

"जिन्यावरून पडून," बाटलीचं झाकण वेगळं करत ते सांगतात. "पण सावकाश. सावकाश पडलं की कॅमेरा थांबतो."

इथे मालिकेत टिकलेल्या नटाचं काम संपलं की सगळे टाळ्या वाजवून त्याला पुष्पगुच्छ देतात. त्यांना तो कधी मिळाला नव्हता. परवा मात्र भलामोठा गुच्छ घेऊन खाली आले. "शेवटच्या भागापर्यंत जगलो." मग कागद, प्लास्टिक, रिबन ज्याच्या त्याच्या पिशवीत टाकून फुलं त्यांनी माझ्या हातात दिली.

"अहो, मला कशाला?"

"दर वेळी विचारणारे तुम्ही एकटेच."

विचारायचो खरा, पण त्यांचं एकही काम मी पाहिलं नव्हतं.

फुलं टीव्हीशेजारी ठेवलीत. ती सुकायच्या आत त्यांची मालिका बघून संपवायची आहे. तिसरा भाग चालू आहे. ते अजून जिवंत आहेत.