ठकूकाकीच्या अकरा पायऱ्या

आमच्या वाडीत सगळ्यात मोठा आवाज ठकूकाकीचा. समोरच्या डोंगरावरची गाय तिच्या हाकेला मान वळवते. पण पाहुणा आला की हीच काकी मधात जीभ बुडवल्यासारखी बोलते, आणि मुद्दा पोटातच राहतो. तीन वर्षं कॉलेजचं शिबिर वाडीत येतंय, तीन वर्षं हेच. औंदा तर मीच कॉलेजात. म्हणजे स्वतःच्याच वाडीत पोलादपूरहून टेम्पोत बसून ‘स्वयंसेवक’ म्हणून आले.

वाडी कुडपणच्या वरच्या अंगाला. घरं बावीस, त्यातल्या चौदांना कुलूप; माणसं मुंबईला. दारोदार नळ आहेत, पाणी तेवढं यायचं राहिलंय. पाणी खाली झऱ्यावर, आणि झऱ्याच्या वाटेवरच्या अकरा दगडी पायऱ्या एकवीस सालच्या दरडीत गेल्या. तेव्हापासून काकी रिकामा हंडा मांडीवर घेऊन बसून घसरत उतरते. गेल्या शिमग्याआधी पडली, मनगट मोडलं. मुलगा राजेश मुंबईहून फोनवर ओरडला, “परत पडलीस ना, तर तुला नि बाबांना उचलून नालासोपाऱ्याला आणणार. फायनल!” काकीला नालासोपारा नको, तिला त्या अकरा पायऱ्या हव्यात.

आणि शिबिर काय करतं? पहिल्या वर्षी झाडलेली वाडी परत झाडली. दुसऱ्या वर्षी काकीच्याच भिंतीवर रंगवलं, ‘पाणी वाचवा’. औंदा ऐन जानेवारीत पन्नास रोपं लावायची. त्यांना पाणी कोण आणणार? चाळीस पोरांच्या आंघोळीला कोण आणतंय? काकीच.

“काय आहे ना मावशी,” शिबिराचे किशोर सर घसा साफ करत म्हणाले, “काही अडचण असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा हं.”

“अडचन कसली सायबा! चाय घ्या.”

चुलीपाशी येऊन तिनं पातेलं असं आदळलं की मांजर पळालं. “डोळं फुटलं काय यांचं? रोज बघतात मी कशी जाते ती!”

“मग सांग की त्यांना,” मी म्हटलं.

“पावन्याच्या हातात पहार देऊ? वाडीची लाज हाय की नाय?”

“मग बोंबलतेस कशाला?”

“माज्या घरात नाय बोंबलू, तर कुठं बोंबलू गो?”

तिसऱ्या संध्याकाळी शाळेच्या पडवीत कार्यक्रम झाला. मी सरांची नक्कल केली; टाळ्या. मग काकीची केली. मांडीवर बादली, बुडाखाली गोणपाट, वीतवीतभर घसरत, “आयो, मेले गो, थांब रे दगडा!” सगळे लोळले. एकटी दासगावची रिझवाना हसली नाही.

“ती खरंच बसून उतरते?”

“मग काय!”

“आणि आपण गरम पाण्यानं आंघोळ करतोय?”

मग कोणीच हसेना.

चौथ्या दिवशी सरांशी भांडून रिझवानानं दुपारचे दोन तास मिळवले. सकाळी रोपं नियोजनाप्रमाणेच. दुपारी ती, आमच्या वर्गातला हृतिक आणि आम्ही दहा-बारा जण झऱ्याच्या वाटेवर गेलो. काकी धावत आली. “ठेवा, ठेवा ते! लोक काय म्हनतील, पावन्यांकडनं दगड वाहून घेतलं!” पण हृतिकनं वरची पायरी आधी बसवायला घेतली आणि काकीच्यातली खरी काकी सुटली.

“अरे मेल्या, घर वरनं बांधतोस काय? खालनं घे! तो चपटा दगड आतल्या अंगाला. अजून आत! हात हायत की भेंड्या?”

हृतिक खूश. काकी त्याहून खूश. तीन दुपारी, पाच पायऱ्या.

सातव्या दिवशी समारोप. “सर, दोन दिवस द्या,” रिझवाना म्हणाली. “वरच्या सहा तर सगळ्यात उभ्या आहेत.”

“काय आहे ना, पाहुणे महाडहून निघालेत. टेम्पोही सांगितलाय. अहवालात पायऱ्यांचा उल्लेख करूच आपण.”

काकीला पुढे बोलावून शाल-नारळ दिला. सर म्हणाले, “मावशी, शिबिराबद्दल दोन शब्द बोला.” काकीनं माईककडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. मी देवाला म्हटलं, आता हिला ‘जेवून जा’ म्हणू देऊ नको.

“सहा ऱ्हायल्यात,” काकी म्हणाली. माईक नसता तरी चाललं असतं.

“वा! पुढच्या वर्षी नक्की,” सर म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या.

फोटो चालू होते तोवर काकी निघाली. पाहुण्यांना चहा व्हायचा होता आणि पिंपात पाणी नव्हतं. मी आणि रिझवाना मागोमाग गेलो. काकीनं नवी शाल पिळून तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, हंडा मांडीवर घेतला आणि बसली. सहा पायऱ्यांची वाट शिव्या देत घसरली. मग उभी राहिली, लुगड्याची माती झटकली आणि खालच्या पाच पायऱ्या ताठ उतरली.