नव्या इंजिनाची वरात

आमच्याकडे मोटार आली तेव्हा अमरावतीतल्या आमच्या गल्लीत दुसरी मोटार नव्हती. साठ-एकसष्टचा उन्हाळा असावा. बाबा वकील. नंबर लावून त्यांनी किती वर्षं वाट पाहिली, ते आई चिडली की ऐकवायची. नागपूरच्या दुकानदारानं किल्ली देताना बजावलं होतं, की सुरुवातीचे पाचशे मैल गाडी ‘रनिंग’मध्ये असते, आतले नवे भाग एकमेकांवर घासून नीट बसायचे असतात, तोवर इंजिनाला जोर देऊ नका, हळू चालवा. बाबांनी त्यातलं ‘हळू’ तेवढं घट्ट धरून ठेवलं. आम्हा भावंडांना तापातही कुणी जपलं नसेल तितकं त्यांनी त्या इंजिनाला जपलं.

पहिल्याच रविवारी आम्ही अकोल्याला मावशीकडे निघालो. बडनेरा सोडताच मागून एसटी आली, पुढे निघून गेली, आणि तिच्या खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघून हसत राहिली. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक सायकलवाला आमच्या बरोबरीनं चालू लागला. आत डोकावून म्हणाला, “बंद पडली का जी? धक्का माराले येऊ का?”

बाबांचे कान लाल झाले. त्यानंतर गाडी बाहेर काढायची म्हटलं की त्यांना काहीतरी काम निघायचं. मैल काही भरेनात.

गल्लीच्या टोकाला फुलांचा आणि भाजीचा मळा होता. मळ्यातले काका रोज सकाळी आमच्याकडे पूजेची फुलं घालत. त्यांची मुलगी सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती, मग तिची शाळा सुटली. वैशाखात तिचं लग्न ठरलं, मुलगा तेल्हाऱ्याचा. मुलाच्या मामानं चारचौघांत सांगून ठेवलं होतं, की नवरदेव मोटारीतून मांडवात येईल, मोटार नसेल तर वरात परत जाईल. काका हो म्हणून बसले होते आणि आता कुणाकडे तोंड वेंगाडावं हे त्यांना कळत नव्हतं.

बाबा आपण होऊन मळ्यात गेले. मी बरोबर होते. गाडी देतो म्हटल्यावर काकांचे डोळे भरून आले.

“माही लाज राखली तुमी, वकीलसाहेब. मांगाले यायची हिंमतच होत नव्हती.”

“अहो, पोर आमचीच आहे,” बाबा म्हणाले.

मला त्यांचा केवढा अभिमान वाटला. तो घरी पोचेपर्यंत टिकला. घरी आल्यावर ते आईला सांगत होते, “वरातीत हळू चाललं तर कुणी हसत नाही. चांगली तास-दोन तास पहिल्या गिअरमध्ये राहील. इंजिनाला आणखी काय पाहिजे?” नवं इंजिन मोकळ्या रस्त्यावर बेतानं चालवायचं असतं, वैशाखात जागच्या जागी तापवायचं नसतं, हे त्या हुशार डोक्यात शिरलंच नव्हतं.

वरात संध्याकाळी मारुतीच्या देवळापासून निघाली. ऊन उतरलं तरी रस्त्याची धग कमी झाली नव्हती. बँडवाले दर दहा पावलांवर थांबत, पोरं नाचत. मी करवल्यांबरोबर मांडवाच्या दाराशी उभी होते. गाडी आम्हाला दिसू लागली आणि तिथेच थांबली. पुढून भसाभस वाफ येऊ लागली. बँड गप्प झाला. बाबा उतरले, त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं आणि नवरदेवाला म्हणाले, “उतरा. इंजिन नवं आहे.”

बाशिंग बांधलेला मुलगा भर रस्त्यात उभा राहिला.

“मोटर कबूल केली होती ना?” मामा कडाडला. “मंग मोटरीतूनच येईल पोरगा. नाईतर हे आमी चाललो.”

काकांनी टोपी काढून त्याच्या पायावर ठेवली. मी बाबांकडे पाहत होते. गाडी माझी, चूक माझी, एवढं ते म्हणाले असते तरी मामा गप्प बसला असता. वकिलाच्या शब्दाला तेवढं वजन होतं. बाबा बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, “इतका वेळ नाचत बसल्यावर गाडी तापणारच.”

“चुकलं जी आमचं,” काका म्हणाले.

मार्गही त्यांनीच काढला. जावयाला परत आत बसवलं, नवं धोतर वर खोचलं आणि मागे जाऊन गाडीला हात लावले. बाबा स्टिअरिंगवर बसले. “रंगाला जपून,” ते खिडकीतून म्हणाले. बँड पुन्हा सुरू झाला. मुलीचा बाप खाली मान घालून मोटार ढकलत होता आणि माझा बाप ती चालवत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आतून नवरी झालेल्या माझ्या मैत्रिणीनं विचारलं, “आली का वं मोटर?”

मी म्हटलं, “आली.”

रात्री गाडी गार झाली आणि पहिल्याच किल्लीला सुरू होऊन घरी आली. तिला काही झालं नव्हतं. सकाळी काका फुलं घेऊन आले ते पायरीखालीच थांबले.

“मोटर बिघडली तं नाई ना माह्या पायी?”

बाबा पेपर वाचत होते. “बघू,” ते म्हणाले.

आईनं फुलांचे पैसे पुढे केले. काकांनी हात मागे घेतला. “राहू द्या बाई. मोटरीचं भरून निघेस्तोर राहू द्या.” आई बाबांकडे बघत राहिली. पेपर खाली आला नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही अकोल्याला गेलो. इंजिन आता मस्त बसलं आहे, असं बाबांनी मावशीला कौतुकानं सांगितलं. फुलं मात्र तशीच बिनपैशाची येत राहिली. पूजेच्या पुडीत माझ्यासाठी आणि आईसाठी मोगऱ्याचा एकेक गजराही असायचा. त्या उन्हाळ्यात मी एकही माळला नाही. आईनं का ते विचारलं नाही. तीही माळत नव्हती.