डाव्या पायाची ऊब

पागेत तिला सगळे थर्मामीटर म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण नाव काही खोटं नव्हतं. रोज सकाळी सहाला ती बदामी घोडीच्या कप्प्यात शिरायची, गवताकडे बघायच्याही आधी खाली बसायची आणि घोडीच्या पुढच्या पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत तळहात फिरवायची. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही एकदम. नळीच्या हाडामागे दोरीसारखी ताठ शीर असते. ती गार लागली की हिचा दिवस सुरू व्हायचा, आणि जराशी कोमट लागली की ती पुन्हा पहिल्यापासून हात फिरवायची.

लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घोडी तयार करणं हे तिचं काम. ऐंशी किलोमीटर, एका दिवसात, दगडधोंड्यांतून आणि चढउतारांवरून. पहिले तीन महिने ती घोडीला नुसती चालवत होती. मग थोडी दुडकी, पुन्हा चाल, मग टेकडी, पुन्हा चाल. मालक एकदा न राहवून म्हणाले, "अहो, ही घोडी आहे की फिरायला निघालेली आजीबाई?" तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवलं.

तिला ठाऊक असलेली गोष्ट साधी होती आणि भयंकर होती. घोड्याचा दम चार महिन्यांत तयार होतो. पायांच्या शिरांना वर्ष लागतं, हाडांना त्याहूनही जास्त. मधल्या काळात जनावर पळायला आसुसलेलं असतं. धावून आलं की दहा मिनिटांत नाडी साठीला उतरते, बघणारे वाहवा करतात, आणि पाय मात्र अजून कच्चेच असतात. जनावराला ते कळत नाही. त्याच्या वाटचं भ्यायला दुसरं कुणीतरी लागतं, आणि या पागेत ते काम आपोआप हिच्या गळ्यात पडलं होतं.

हे तिला पुस्तकाने शिकवलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी ती स्वतः शर्यतीत उतरायची. एका सकाळी तिच्या घोड्याचा पाय कोमट लागला, तिला वाटलं उन्हात उभा असेल. तेराव्या किलोमीटरला, उतारावर, सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तिच्या खांद्याचं हाड मोडलं, ते पुढे वाकडंच जुळलं. घोडा उठलाच नाही. त्यानंतर ती पुन्हा कधी खोगिरावर बसली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई तर पाणीसुद्धा फुंकायची.

तिचा नवरा त्याच पागेचा नालबंद. अबोल माणूस, पण बायकोची थट्टा करायला त्याला शब्द सापडायचे. "तुझ्या हाताला रोज कुणाचा ना कुणाचा ताप लागतो," तो म्हणायचा. "एकदा माझंही कपाळ बघ की." चौदा महिन्यांत तिने अकरा वेळा घोडी थांबवली होती. अकराही वेळा डॉक्टर यंत्र घेऊन आले, पाय तपासला, आणि काही नाही म्हणून गेले. त्यात लेकीच्या दोन छोट्या शर्यती हुकल्या. बदामीवर बसणार होती ती हिचीच लेक, बावीस वर्षांची, आईसारखीच हडकुळी आणि आईपेक्षा दहापट धीट. पहिल्या शर्यतीला ती रडली, दुसऱ्या वेळी नुसती हसली. त्या हसण्याने हिला जास्त लागलं.

शर्यतीच्या आदल्या दुपारी मैदानावर सगळ्या घोड्यांची तपासणी झाली. बदामी पास झाली. आणि सकाळी ही खाली बसली तर डावा पाय कोमट. फार नाही. चहा पिऊन ठेवलेल्या कपाला राहते तेवढी ऊब. तिने हात काढला, पँटला पुसला, पुन्हा लावला. ऊब तिथेच होती.

"अगं, जरा हात लाव बघू इकडे," ती लेकीला म्हणाली.

लेक हेल्मेटचा पट्टा आवळत होती. "आई, आज नको ना. प्लीज."

तिने शर्यतीच्या डॉक्टरांना धरून आणलं. त्यांनी पाय दाबून पाहिला, घोडीला पक्क्या रस्त्यावर दोनदा दुडकवलं आणि मान हलवली. "लंगडत नाहीये, सूज नाही. मी कशाच्या जोरावर थांबवू?"

"थर्मामीटर," मालक हसत म्हणाले, "आज तरी पारा खाली ठेवा. आता घोडामैदान जवळच आहे." आसपासचे सगळे हसले. तीही हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. पण डोळ्यांपुढे तो उतार होता, आणि खोगिरावर ती स्वतः नव्हती, तिची पोर होती. मन चिंती ते वैरी न चिंती, असं म्हणतात; त्या अर्ध्या तासात तिच्या मनाने लेकीला तीनदा पाडलं आणि तिन्ही वेळा उठू दिलं नाही.

शर्यत सुटायला चाळीस मिनिटं होती. लेक नंबर लावून घ्यायला गेली, नवरा पाण्याच्या बादल्या आणायला. घोडीजवळ ती एकटीच उरली. नवऱ्याच्या हत्यारांची पेटी उघडी होती. तिने पकड आणि कानस उचलली, घोडीचा डावा पाय मांडीवर घेतला आणि नाल काढायला लागली.

पंचवीस वर्षं तिने हे काम बघितलं होतं. खुराच्या भिंतीवर वळवलेली खिळ्यांची टोकं आधी कानशीने उडवायची, मगच नाल उचकटायचा. पाच टोकं तिने उडवली. सहावं घाईत राहिलं. नाल सुटला आणि त्याबरोबर खुराच्या भिंतीचा एक टवकाही निघाला. घोडीने नुसता कान हलवला; खूर म्हणजे नखच, दुखायचं काही नव्हतं. तिने नाल गवतात टाकला आणि हाका मारल्या.

मालक धावत आले. "काय हो नालबंद, परवा मारलेला नाल आज निघतो? हे काम झालं का?"

नवऱ्याने नालात अडकलेले खिळे बघितले, घोडीचा पाय उचलून खूर बघितला. आपोआप निघालेल्या नालाच्या खिळ्यांना कानस लागलेली नसते, हे तिला माहीत होतं, आणि त्याला तर होतंच. मग त्याने मान वर करून बायकोकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"भिंत फुटलीय," तो मालकांना म्हणाला. "खिळा धरणार नाही. माझीच चूक."

तीस वर्षांत त्याच्या हातचा एक नाल निघाला नव्हता. चाळीस माणसांसमोर मालक त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो खाली बघून हत्यारं पेटीत ठेवत राहिला. लेकीने हेल्मेट काढलं आणि गाडीत जाऊन बसली.

दुपारी पागेत परतल्यावर नवरा नळावर हात धूत होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"बसला असता नाल," तो म्हणाला. "चार खिळ्यांवर बसवला असता मी."

"मग का नाही बसवलात?"

"तुझा चेहरा बघितला." त्याने नळ बंद केला. "खरंच गरम होता?"

"होता."

"मीही हात लावला होता. मला नाही लागला."

तेव्हा तिला निराळीच भीती वाटली, सकाळपेक्षा थंड. पाय गार असेल, अकरा वेळांसारखा हाही बारावा असेल, तर आपण काय करून बसलो? नवऱ्याचं नाव घालवलं, पोरीचं वर्ष घालवलं, धडधाकट खूर फोडला. हाताला खरं-खोटं कळेनासं झालेलं माणूस पागेत कशाला हवं? "मी मालकांना सांगते सगळं," ती म्हणाली. "पण आधी तिला."

लेक कप्प्यात होती, घोडीच्या पायाशी गवतावर बसलेली.

"नाल मी काढला," आई दारातूनच म्हणाली. "बाबांची चूक नाही. मी काढला."

लेक म्हणाली, "काल तपासणी झाल्यावर मलाही लागला होता."

"काय लागला होता?"

"डावा. कोमट."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू रोजच म्हणतेस, आई." लेकीने मान वर केली नाही. "मला वाटलं, तुझ्याबरोबर राहून माझ्याही हाताला तीच खोड लागली."

"आणि तशीच चढली असतीस?"

"चढले असते."

वर्षभर आई या पोरीसाठी जीव मुठीत धरून भ्यायली होती, रोज, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि त्या भिण्यानेच पोरीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता. ती दाराला धरून खाली बसली. बोलायला जे सुचत होतं ते सगळं भीतीचंच होतं, म्हणून तिने ते गिळलं.

"पुन्हा लाव हात," शेवटी ती म्हणाली. "मी नाही लावत. तूच सांग."

लेकीने उजव्या पायावर हात ठेवला, मग डाव्यावर. बराच वेळ ठेवला.

"आहे," ती म्हणाली.

आईने तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती उठली आणि गार पाणी आणायला गेली.