सायझिंग म्हणजे शिलाई नव्हे

आमच्या मेहुण्याची सायझिंग मी नॉर्वेच्या उत्तरेला, थेट बर्फाळ समुद्रात नेऊन ठेवली, तेव्हा मेहुणा माझ्या शेजारीच बसून कटिंग पीत होता. अक्षांशाच्या जागी रेखांश पडला आणि रेखांशाच्या जागी अक्षांश, एवढंच झालं. पण मी तेच आकडे मोठ्या रुबाबात नकाशावर टाकून दाखवायला गेलो, आणि भिवंडीतल्या नारपोलीच्या जागी निळंशार पाणी आलं.

"भावोजी," जनूदादा म्हणाला, "पान्याची सोय झ्याक हाय. पन पार्टी येनार कशी?"

"टायपिंग मिस्टेक," मी म्हणालो. इतकी वर्षं लोकांच्या वेबसाइट बनवून पोट भरलं की हे दोन शब्द फार सफाईने तोंडातून निघतात.

जनूदादा हा माझ्या बायकोचा, सुनंदाचा, मोठा भाऊ. सासऱ्यांनी उभी केलेली सायझिंग तो चालवतो. सायझिंग म्हणजे काय, हे भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढण्याआधी उभ्या सुताला खळ देतात, म्हणजे विणताना ते सारखं तुटत नाही. मग ते सुकवून मोठ्या रुळावर गुंडाळतात. त्या रुळाला बीम म्हणतात. हे सगळं करायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला रोजचं काम लागतं. घोडं तिथेच अडलं होतं. जुन्या पार्ट्या, म्हणजे सूत पाठवणारे लूमवाले, एकेक करून लूम भंगारात काढत होत्या. जवळच्या पूर्णा गावाकडे गोदामं बांधणारा एक बिल्डर जनूदादाच्या मागे लागला होता: बॉयलर विझवा, गोदाम बांधून भाडं खा. जनूदादाने त्याच्याकडून दिवाळीपर्यंत सवड मागून घेतली होती. तोवर नव्या पार्ट्या आल्या तर सायझिंग राहणार, नाहीतर माणसं घरी.

नवी पोरं काहीही शोधायचं तर फोनवर शोधतात, म्हणून त्याने मुंबईच्या एका एजन्सीकडून वेबसाइट करून घेतली. घरात मी असताना. घरच्या जावयाचं काम चांगलं असूच शकत नाही, अशी आमच्या सासरकडची श्रद्धा आहे.

वेबसाइट झाली आणि फोन सुरू झाले. "भैया, ब्लाउज की फिटिंग करते हो?" एकाला लग्नातली शेरवानी पोटावर सैल करून हवी होती. जनूदादाचा पारा बॉयलरच्या वर गेला. तेव्हा कुठे त्याला मी आठवलो.

मी पानाचं पोट उघडलं. वेबसाइटचं पान माणसांसाठी असतं. त्याच पानात सर्च इंजिनसाठी मजकुराची वेगळी चिठ्ठी लपवता येते. तिला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. कापडाच्या गठ्ठ्यावर लेबल असतं तसंच हे. गठ्ठा न फोडता आत काय आहे ते कळतं. धंदा कसला, पत्ता काय, कधी उघडा, फोन कुठे करायचा.

जनूदादाच्या गठ्ठ्यावरचं लेबल असं होतं: कपड्यांचं दुकान. अल्टरेशन, फिटिंग, ऑल साइझेस. रविवारी बंद. नकाशावरच्या नोंदीतही हीच विद्वत्ता. वर चिठ्ठीत जवळजवळ पाचच्या पाच तारे, न आलेल्या गिऱ्हाइकांनी दिलेले.

मी एजन्सीला फोन लावला. त्यांच्याकडे शिपाई नसेल, पण स्ट्रॅटेजी हेड होता.

"सर, सायझिंग मतलब साइझ ही ना? क्लाएंट टेक्सटाइल में है, तो हमने रिलेटेड कीवर्ड ले लिए."

"आपने कभी सायझिंग देखी है?"

"सर, हम रिमोटली काम करते हैं."

"वहाँ बॉयलर है, चिमनी है. ब्लाउज सिलने को चिमनी काहे को लगेगी?"

"वो फोटो में से हमने क्रॉप कर दी, सर. लुक खराब हो रहा था." मग तो प्रेमळ आवाजात म्हणाला, "सर, एसईओ इज अ जर्नी."

एसईओ म्हणजे सर्चमध्ये वर यायची खटपट. अशा जर्नीत यांनी घरी बसायचं आणि तिकीट दुसऱ्याने काढायचं.

चिठ्ठी मी नव्याने लिहिली. अडचण अशी, की सर्च इंजिनांना कळणाऱ्या धंद्यांच्या यादीत दातांचे डॉक्टर आहेत, टॅटूवाले आहेत, सायझिंग नाही. जगाला गोंदवून घ्यायला कातडी आहे, त्यावर घालायचं कापड कुठून येतं याची चौकशी नाही. मग प्रकार नुसता 'स्थानिक व्यवसाय' ठेवला आणि खाली स्वच्छ लिहिलं: पॉवरलूमसाठी सुताला खळ, बीम तयार करणे. सुट्टी शुक्रवार, कारण आमच्याकडे लूमवाल्यांचा रविवार शुक्रवारी येतो. नकाशावरची नोंदही सुधारली. चिठ्ठीतले तारे उडवले.

"तारे राहू द्या की," जनूदादा कळवळला. "ते कोनाचं काय खातान?"

"स्वतःच स्वतःची पाठ थोपटलेली सर्च इंजिनवाले पकडतात, दादा."

शेवटी सायझिंग समुद्रातून काढून नारपोलीत आणली आणि मी घरी आलो.

ब्लाउजवाले फोन हळूहळू बंद झाले. पण पार्टीही येईना. जनूदादा विचारायचा, मी सांगायचो, "या कामाला वेळ लागतो." बोलताना माझ्याच कानाला तो स्ट्रॅटेजी हेड ऐकू यायचा. तिकडे बिल्डर टेप घेऊन जागा मोजून गेला.

दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी मी जनूदादाच्या ऑफिसात होतो. दारात एक तरुण लूमवाला येऊन उभा राहिला. इम्रान त्याचं नाव. वडिलांचे लूम नुकतेच हातात घेतलेले.

"यहाँ सायझिंग होती है के नहीं?"

"होती हाय," जनूदादा म्हणाला.

"तो फोन पे गाली काहे को दी, शेठ? मैंने इत्ताच पूछा, सायझिंग करते क्या. आप बोले, दर्जी होगा तेरा बाप!"

मी जनूदादाकडे पाहिलं. जनूदादा पंख्याकडे पाहू लागला. ब्लाउजला कंटाळून त्याने अनोळखी नंबर उचलणं बंद केलं होतं, आणि चुकून उचललाच तर समोरच्याचं ऐकण्याआधी बाप काढायचा. माझी चिठ्ठी पार्ट्या पाठवत होती आणि हा त्यांना हाकलत होता.

"फिर भी आए?" मी विचारलं.

"नेट पे शुक्रवार बंद लिखा था," इम्रान म्हणाला. "मैं समझा, आदमी भिवंडी का ही है. भेजा गरम होगा."

जनूदादाने चहा सांगितला, वर नानकटाई सांगितली, आणि त्याच्या देखत सगळ्या मिस्ड कॉलना फोन लावायला बसला. प्रत्येकाची माफी मागून मग सुताचं विचारायचं. काहींनी उलट शिव्या दिल्या. काही आले. इम्रानचं सूत लगेच आलं. दिवाळीनंतर बिल्डर आला तेव्हा बॉयलर पेटलेला होता. त्यालाही चहा पाजून परत पाठवला.

या धंद्याने मला शिकवलं ते एवढंच: चिठ्ठी गिऱ्हाइकाला फोनपर्यंत आणते. पुढची शिवी आपली आपण आवरायची.

घरी येऊन सगळं मीठमसाला लावून सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "यंत्राला कळावं म्हणून एवढं लिहीत बसलात. माझ्या भावाला 'आता फोन नीट उचल' एवढं सांगितलं असतंत, तर तोंड झिजलं असतं का?"