मामांनी चालवायला घेतलेला ओठ

दुसऱ्याचं दुखणं चालवायला घ्यावं, तर ते माझ्या बायकोच्या मामांनीच. आजारी माणसाने फक्त आजारी असावं, बाकीचा कारभार मामा बघतात. घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत एका वहिनींना ब्लडप्रेशर निघालं, तेव्हा मामांनी अख्ख्या मजल्याचं मीठ कमी करवलं, आणि ते खरंच कमी झालंय का हे पाहायला रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी वाटीभर आमटी पिऊन यायला लागले. समोरच्या खोलीतल्या गृहस्थांचा पाय मोडला, तर त्यांच्याबरोबर मामाही कठडा धरून एकेक पायरी चढू लागले. प्लास्टर निघालं, गृहस्थ पळायला लागले, मामांचं लंगडणं मात्र पुढे बरेच दिवस टिकलं. आयुष्यभर एका कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्तीनंतर कुणावर तरी लक्ष ठेवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसावं.

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो तो अक्कलदाढेपायी. खालची, डावीकडची, मुळं थेट नसेला टेकलेली. परळच्या डॉक्टरीणबाईंनी धोका आधीच समजावून सांगितला होता आणि मी न ऐकताच मान डोलावली होती. दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनचा बधिरपणा संध्याकाळपर्यंत उतरतो म्हणतात. माझा उतरलाच नाही. अर्धा ओठ आणि हनवटी जणू दुसऱ्या कुणाची. "नस दुखावलीय," बाई म्हणाल्या, "येईल हळूहळू, महिने लागतील. थोडी बधिर राहीलही." वेदना नव्हती, म्हणून कुणाला त्यात दुखणंही दिसेना. पण हनवटीवर आमटी ओघळली तरी मला पत्ता नसायचा. एकदा ऑफिसात भाताचं शीत चिकटवून मी साहेबांपुढे तासभर गंभीरपणे बोललो. त्या दिवसापासून डबा भिंतीकडे तोंड करून खायला लागलो, लग्नाकार्यांना पोटाची सबब सांगू लागलो, घरीसुद्धा ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागलो. माणसांत बसून जेवणं माझ्यापुरतं संपलंय, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

बायकोने हे मामांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्याच दिवशी मामा लालबागला आमच्या दारात हजर. "जावयबापू, तुमी बिनधास जेवा. माझा लक्ष असा." योजना त्यांनी येतानाच आखली होती. ते समोर बसणार, माझ्या हनवटीवर काही सांडलं की स्वतःची हनवटी पुसणार. तो इशारा समजून मी माझी पुसायची. तोंडाने सांगायचं नाही, कारण चारचौघांत जावयाला तोंड पूस म्हणणं त्यांच्या कोकणी शिस्तीत बसत नव्हतं. मग आठवड्यातून दोन-तीनदा मामा जेवायला यायला लागले. स्वतःचं जेवण थंड व्हायचं, पण नजर हलायची नाही.

खरी परीक्षा झाली ती त्यांच्या चाळीतल्या सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला. मी जाणार नव्हतो, मामांनी ओढून नेलं. गॅलरीत समोरासमोर पंगती, पानात वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. उसळीचा रस माझ्या हनवटीवर आला असावा. मामांनी हनवटी पुसली, मीही पुसली. पण हात नेमका चुकीच्या जागी फिरला. मामांनी पुन्हा पुसली, जोरात. मग खांद्यावरचा टॉवेल घेऊन खसाखसा. त्यांच्या शेजारच्या काकांना वाटलं, आपल्यालाच काही लागलंय, त्यांनी पुसली. ते बघून पलीकडच्याने. बघता बघता दोन्ही पंगती हनवट्या पुसायला लागल्या, शेवटी बसलेले भटजीसुद्धा. वाढणाऱ्या वहिनी घाबरून म्हणाल्या, "उसळ तिखट झाली काय ओ?"

"नाय गो, उसळ फर्स्टक्लास!" मामा गरजले. "सत्यनारायणाक हनवटी पुसून जेवची पद्धत असा. आमच्या गावाक सगळे पुसतत."

मला हसू आवरेना. अर्ध्या बधिर ओठाने मी हसत सुटलो आणि पंगतही हसली, कशाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या गर्दीत नेमकी कुणाची हनवटी बरबटलीय हे कोण बघतो? कित्येक महिन्यांनी मी मागून घेऊन जेवलो. मामांचे उपकार मी मोजत बसत नाही, पण त्या दुपारी त्यांनी मला माणसांत परत आणून बसवलं, हे मी विसरणार नाही.

पुढे ओठाला मुंग्या यायला लागल्या. मामांनी ही बातमी मुलगा झाल्यासारखी मजलाभर सांगितली. डॉक्टरीणबाई कापसाने स्पर्श तपासतात हे कळल्यावर त्यांनी मामींच्या देवघरातल्या फुलवाती पळवल्या आणि तपासणीही आपल्याकडे घेतली. चाळ पुनर्विकासाला रिकामी झाली, मामा अँटॉप हिलला मुलाकडे राहायला गेले. तिथे सून कामावर, नातू शाळेत, सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत. मामांना करण्यासारखं काही उरलं नाही. पण दर रविवारी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन बस बदलून, खिशात फुलवात घेऊन ते लालबागला येतातच.

गेल्या रविवारीही आले. मला खिडकीशी बसवलं, डोळे मिटायला लावले. ओठाच्या कडेपासून सुरुवात करत ते एकेक जागा विचारत गेले आणि मी "लागलं, लागलं" म्हणत गेलो. शेवटी ओठाखालच्या, एवढीच काय ती अजून बधिर उरलेल्या, बोटाएवढ्या हट्टी जागेवर वात टेकली. आणि मला ती स्पष्ट कळली. इतकी स्पष्ट, की तिचा एकेक धागा मोजता आला असता.

"हंयसर?" मामांनी विचारलं. "काय लागला?"

"नाही मामा," मी डोळे मिटूनच म्हणालो. "अजून काहीच नाही."

"असू दे, घाबराचा नाय," मामा खुशीत म्हणाले. "पुढच्या आयतवारी बघूया."